रक्ताचा एक थेंब
माझा रूम पार्टनर वर्षभर डिप्रेशनच्या गोळ्या खात होता. एकदा सलग तीन रात्री झोपलाच नाही, वर अख्ख्या मजल्याला पार्टी! आम्ही हसलो. पुढे निघालं बायपोलर. त्यात नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं.

२०२३ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी बोटातल्या रक्ताच्या वाळवलेल्या थेंबावरून हे दोन आजार वेगळे करून पाहिले. सिरॅमाइड हा स्निग्ध पदार्थ कामी आला. पण नुसत्या रक्तावरून बायपोलरचे फार तर ३० टक्के पेशंट सापडतात. प्रश्नावली जोडली की जास्त. मी म्हणतो, टेस्ट येईल तेव्हा येवो, ‘आधी कधी असा अति उत्साह आला होता का?’ हे विचारायला काय पैसे पडतात? त्याला कुणी विचारलं नाही. फर्स्ट इयरला तो असाच आठवडाभर जागला होता, ते आम्हीही सांगितलं नाही.