आधी बोलू द्या, नाऊन मागाहून

सहा वर्षांच्या पोराला नाऊनची व्याख्या विचारणे हा अडाणीपणा आहे. आपल्या गोव्यात तो फी भरून विकत घेतला जातो आणि वर ट्यूशनही लावली जाते.

पोर घडाघडा म्हणते, 'अ नाऊन इज द नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग.' आईबाप कृतकृत्य होतात. चवथीला आलेल्या पाहुण्यांसमोर तोच कार्यक्रम पुन्हा होतो. आता त्याच पोराला, आज शाळेत काय केलेस, एवढेच इंग्रजीत विचारा. ते आईच्या मागे लपते. ज्याला एक वाक्य बोलता येत नाही, त्याच्याकडून आपण वाक्याच्या अवयवांची नावे पाठ करून घेतो आणि त्याला ग्रामर म्हणतो.

हेच पोर घरी काय करते ते बघा. घरी आंबो, चिंच, केळें. मराठी शाळेत तो आंबा, ती चिंच, ते केळे. आंब्याला पुल्लिंग आणि चिंचेला स्त्रीलिंग का, हे कोणत्याही आजीने नातवाला समजावलेले नाही. घरी 'हांव वतां' म्हणणारी मुलगी शाळेत 'मी जाते' म्हणते आणि तिचा भाऊ 'मी जातो' म्हणतो. कोकणीतल्या त्या रूपात मुलगा-मुलगी हा भेद नाही, मराठीत आहे. एवढा मोठा फरक ही मुले बालवाडीच्या वयात सांभाळतात. ऐकून, बोलून, चुकून. 'मी करलं' म्हणणारे मूलसुद्धा चुकत चुकत नियमच लावत असते. व्याकरण ते हेच. नाम, सर्वनाम, क्रियापद ही त्याची परिभाषा झाली. ती मागाहून येते.

हे माझे खूळ नव्हे. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधिकेने लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव 'वग' असे सांगितले. मग दोन प्राणी दाखवले. मुलांनी 'वग्ज' असे अनेकवचन केले. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, तेव्हा तो पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. नियम त्यांच्या डोक्यात आधीच बसला होता, व्याख्या न शिकता. आणि २०२२ साली इंग्लंडमध्ये सहा-सात वर्षांच्या मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वर्गात व्याकरणाचे खास पाठ घेऊनही त्यांच्या गोष्ट लिहिण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ज्यांच्या घरात इंग्रजी बोलली जाते त्यांची ही कथा. मग पेडणे-काणकोणच्या पोरांनी कोणता गुन्हा केला?

व्याकरणाचे पुस्तक मुळात कोणासाठी असते, हे गोवेकरांना तरी सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यात आला. त्याने आपल्या बोलीचे व्याकरण पोर्तुगीज भाषेत लिहिले आणि ते त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूरला छापले गेले. कोणासाठी? परदेशातून आलेल्या, वयाने वाढलेल्या पाद्र्यांसाठी. सासष्टीतल्या शेंबड्या पोराला त्या पुस्तकाची गरज नव्हती. जे औषध मोठ्यांसाठी केले, ते आपण केजीतल्या मुलांना चमच्याने पाजतो आहोत.

बरे, पाजून गुण येतो का? मुलांना शिकवतात की ए, ई, आय, ओ, यू यांच्यापूर्वी 'ॲन' लावायचे. मुले इमानदारीने 'ॲन युनिव्हर्सिटी' आणि 'अ अवर' लिहितात. कारण हा नियम अक्षराचा नसून उच्चाराचा आहे, आणि उच्चार कानावर पडलेलाच नसतो. 'ही'नंतर क्रियापदाला 'एस' लावा असे घोकवतात, म्हणून मूल 'डज ही गोज?' विचारते. त्यात त्याचे काय चुकले? त्याने तुमचा नियम पाळला!

मी सरकारी कारकून आहे. माझी दिवसभराची टिपणे इंग्रजीतच असतात, तेव्हा मला इंग्रजीद्वेष्टा ठरवण्याची घाई नको. माझ्या टेबलावर पदवीधरांचे अर्ज येतात. यांनी पहिलीपासून टेन्सचे तक्ते भरलेले असतात. पण आपले काम काय आहे, हे चार सरळ ओळींत इंग्रजीत लिहिता येत नाही. आणि मराठीतही येत नाही, हे अधिक वाईट.

कोणी म्हणेल, आमचे वडील तर्खडकरांची भाषांतर पाठमाला करूनच इंग्रजी शिकले. खरे आहे. पण त्यांच्या हाती ती पडली तेव्हा चार-पाच इयत्तांचे मराठी पक्के झालेले होते. कर्ता, कर्म, क्रियापद त्यांना आपल्या भाषेत ओळखता येत होते. तर्खडकर त्या पायावर उभे राहिले. आपण पाया न घालता थेट गिलावा करतो आहोत.

माध्यमाच्या प्रश्नावर आपण पुष्कळ भांडलो. १९९० साली प्राथमिक शाळांचे अनुदान मराठी-कोकणीपुरते ठेवले, २०११ साली ते इंग्रजी शाळांना खुले झाले, मोर्चे निघाले, सरकारे हादरली. त्या लढ्याचा मला आदर आहे. पण वर्गाच्या आत इंग्रजी कसे शिकवतात, हे दोन्ही बाजूंपैकी कोणी विचारले? पटसंख्येअभावी सरकारी मराठी शाळा बंद पडत असताना, उरलेल्या शाळांतही पालकांना दाखवायला तेच ग्रामरचे घोकंपट्टीचे दुकान मांडले जाऊ लागले आहे. इंग्रजी शाळेची वाईट नक्कल करून मराठी शाळा वाचणार नाही. पालक अस्सल सोडून नक्कल का घेतील?

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. चौथीपर्यंत इंग्रजीचा तास म्हणजे गाणी, गोष्टी, खेळ, चित्रे आणि भरपूर बोलणे. चुकले तर चुकू द्या. या वयात व्याख्या नाही आणि व्याख्येला गुणही नाहीत. व्याकरणाची ओळख आधी मराठीतून करा. पाचवीपासून इंग्रजी व्याकरण घ्या, आणि तेही शेजारी आपल्या भाषा ठेवून. 'टेबलावर'मधला 'वर' मागे येतो, इंग्रजीतला 'ऑन' पुढे येतो. 'आय गो' मुलगा-मुलगी दोघांनाही चालते, अगदी 'हांव वतां'सारखे. दोन भाषा जाणणाऱ्या गोव्याच्या पोराला हे एका तासात कळेल. जगातल्या कितीतरी मुलांपाशी नसलेले हे भांडवल आहे, आणि आपण त्याला घरची भाषा विसरायला सांगून नाऊनची व्याख्या पाठ करायला बसवतो.

शाळेच्या पुढच्या पालकसभेत बाईंना ग्रामर कुठवर आले हे विचारू नका. माझे मूल आज वर्गात काय बोलले, एवढेच विचारा.