हाडांना शंका, माणसांना शिक्का

१८२८ साली इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमनला जबलपुरात महाकाय हाडांचे जीवाश्म सापडले. १८७७ मध्ये लायडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. २००३ मध्ये संशोधक म्हणाले, एवढ्या हाडांवरून वेगळी प्रजाती ठरत नाही. ज्ञान असेच पुढे जाते : तपासायचे, चुकले तर मागे घ्यायचे.

याच स्लीमनने ‘ठगां’विषयीही ज्ञान घडवले. मुख्य पुरावा काय, तर माफीच्या साक्षीदारांचे जबाब! १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप ठेवली. १८७१ मध्ये तर अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. चोरी झाली की पोलीस आजही पारध्यांच्या पालावर धडकतात.

‘मानवी ज्ञानाला मर्यादा असतात’ हे तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकवतात. मग जन्मावरून माणूस ओळखणाऱ्यांना ती मर्यादा का आठवत नाही? मनूला आठवली नाही, स्लीमनलाही नाही. ज्याच्याविषयी ज्ञान घडते, त्यालाच ते खोडण्याचा अधिकार नसेल, तर ते ज्ञान नव्हे, हुकूम आहे.

मित्रांनो, घरातली पहिली पदवी तुमच्या हातात आहे. आता बेधडक विचारा : आमच्याविषयी तुम्हाला हे कळले कसे?