स्फुरदाची खूण

खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन नावे आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिली असतील. त्यांपैकी स्फुरद पिकाच्या मुळांस हितकारक, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तोच स्फुरद आपल्या देहातील पेशींत क्षणोक्षणी एक निराळेच काम करीत असतो, आणि त्या कामात बिघाड झाला म्हणजे जिवावर बेतते. त्याविषयी आज चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

पेशीतील बहुतेक कामे प्रथिने करितात. प्रथिन म्हणजे ॲमिनो आम्लांच्या मण्यांची, विशिष्ट घडी पडलेली माळ. नवी माळ ओवावयास पेशीला वेळ लागतो; परंतु पायाशी साप आला असता स्नायूंस बळ हवे असते ते त्याच क्षणी. मग पेशी काय करिते? ती तयार माळेच्या एका ठराविक मण्यास स्फुरद व प्राणवायू यांचा एक लहानसा गट चिकटविते. यालाच फॉस्फेट म्हणतात. तेवढ्याने घडी किंचित बदलते आणि निजलेले प्रथिन जागे होते. काम सरले की दुसरे प्रथिन येऊन ती खूण पुसून टाकिते. काही प्रथिने याच्या उलट, खूण चिकटताच निजतात.

हे प्रथम उकलले ते अमेरिकेतील सिएटल शहरी, १९५५ साली. स्नायूंत साठविलेल्या ग्लायकोजेनमधून साखर मोकळी करणारे फॉस्फोरिलेज नावाचे प्रथिन आहे. त्याची एक कामसू व एक सुस्त अशी दोन रूपे कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याने आधीच ओळखली होती. एकाचे दुसरे कसे होते, एवढे कोडे उरले होते. वॉशिंग्टन विद्यापीठातील एडविन क्रेब्स व एडमंड फिशर हे सशाच्या स्नायूंतून कामसू रूप काढू पाहात, तर हाती नेमके सुस्त रूप येई. कोरींच्या कृतीत स्नायूंचा अर्क कागदातून गाळीत असत. या दोघांनी तो यंत्रात गरगर फिरवून स्वच्छ केला होता. कागद परत आणताच कामसू रूप मिळाले! कागदात कॅल्शियमचे अंश होते, आणि त्यांनी खूण चिकटविणाऱ्या प्रथिनास चालना दिली होती. एखादा उतावळा मनुष्य कागदाला दोष देऊन मोकळा झाला असता. या दोघांनी त्या कागदाचा पिच्छा पुरविला. १९९२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

मानवी देहात अशा खुणा चिकटविणारी ५०० हून अधिक प्रथिने आहेत. त्यांस कायनेज म्हणतात. पेशीने वाढावे केव्हा, दुभंगावे केव्हा, थांबावे केव्हा, हे पुष्कळ अंशी त्यांच्या हाती असते. आता यांतील एखादे थांबेनासेच झाले तर?

तसे होते. १९६० साली फिलाडेल्फिया येथे पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफोर्ड यांस क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात एक गुणसूत्र वाजवीपेक्षा आखूड दिसले. १९७३ साली शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखविले की, नवव्या व बाविसाव्या गुणसूत्रांनी आपापल्या तुकड्यांची अदलाबदल केलेली असते. त्या सांध्यावर दोन जनुके जुळून जे कायनेज निपजते त्यास विसावा म्हणून नाही. ते खुणा चिकटवीतच राहते, आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

स्फुरदाचा पुरवठा घेण्यासाठी या कायनेजला एक खोबण असते. इमॅटिनिब नावाचे औषध नेमके त्या खोबणीत जाऊन बसते. मे २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. मोठ्या चाचणीत ज्यांस ते प्रथमपासून दिले, त्यांपैकी शेकडा सुमारे ८३ रुग्ण दहा वर्षांनंतरही हयात होते. २०१३ च्या सुमारास भारतात मूळ कंपनीच्या औषधाचा खर्च महिन्यास लाखाच्या वर होता, तर येथील कंपन्यांच्या गोळ्यांचा सुमारे ८ ते १० हजार रुपये. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मूळ कंपनीचा पेटंटचा दावा फेटाळला आणि स्वस्त गोळीचा मार्ग मोकळा राहिला. आमच्या मते, प्रयोगशाळेतील शोधाइतकेच मोल या निकालाला आहे. न परवडणारे औषध गरिबाच्या घरी असून नसल्यासारखेच.

ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी मात्र एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी. ती बिघडलेले गुणसूत्र सांधीत नाही. केवळ खोबण अडवून धरते. रक्तातून औषध उतरले की खोबण मोकळी होते आणि खुणा पुन्हा चिकटू लागतात. म्हणून बरे वाटते, अंगात ताकद आली, पैशांची ओढ आहे, अशा कारणांनी गोळी आपल्या मनाने सोडणे फार धोक्याचे. खर्चाची अडचण असेल तर ती डॉक्टरांपाशी उघड बोलावी. त्यात लाज कसली? तपासण्या वर्षानुवर्षे उत्तम आलेल्या काही निवडक रुग्णांची गोळी डॉक्टर स्वतः थांबवून पाहतात, पण त्यानंतर वारंवार रक्त तपासतात. त्यांपैकी सुमारे निम्म्यांस ती पुन्हा सुरू करावी लागते, आणि वेळीच सुरू केल्यास बहुतेकांचा रोग परत आटोक्यात येतो.