चहाचा तह

चहाच्या बाबतीत प्रत्येक घर हे एक स्वतंत्र संस्थान असते. आमच्या संस्थानात आईचा शब्द अखेरचा: चहा म्हणजे ठेचलेले आले, दूध, साखर आणि खळखळून उकळी.

कन्येने मात्र यंदा तीन सुगंधी चहांच्या पुड्या आणल्या आणि बजावले, "आजी, यांत दूध नाही. तुझं आलं चहाची चव मारतं." आईचा चेहरा उतरला.

तिन्ही चहा ओळीने मांडले. पहिला चिनी. त्याच्या पत्तीत मोगऱ्याच्या कळ्या रात्री मिसळून ठेवतात. कळ्या उमलतात, पत्ती गंध पिते, मग फुले काढून टाकतात. पिताना देवघरात बसल्यासारखे वाटले. दुसरा अर्ल ग्रे. त्यात बर्गमॉट या लिंबाच्या एका भाऊबंदाच्या सालीचे तेल; दुसऱ्याच घोटाला अत्तराचे दुकान आठवले. तिसरा दार्जिलिंगचा, मे-जूनच्या खुडणीचा. त्यात वरून काहीच घातलेले नाही, तरी पिकल्या द्राक्षांचा वास! कन्येने कारण सांगितले: कोवळ्या पानांतला रस तुडतुडे शोषतात आणि त्या दंशाला उत्तर म्हणून झाड सुवासिक द्रव्ये तयार करते.

आई शांतपणे म्हणाली, "मग आलं तरी ठेचल्यावाचून कुठं वास देतं?"

कन्या निरुत्तर झाली. सी. टी. सी., म्हणजे आसामात १९३० च्या सुमारास निघालेल्या यंत्राची दाणेदार पत्ती, दूध-आले सहज पेलते. दार्जिलिंगचा नाजूक गंध मात्र त्याखाली बुडतो. तेव्हा तह झाला: सकाळचा चहा आईचा, दुपारचा कन्येचा. मध्यस्थ म्हणून दोन्ही कप मला मिळतात!