मनोरे त्यांचे, कोंडी आमची

मुंबईत गोरेगाव पश्चिमेला मोतीलाल नगरात 143 एकरांवर नवे शहर वसवण्याचा घाट घातला गेला आहे. खर्च 36 हजार कोटी, पुनर्वसनाची मुदत सात वर्षे आणि 3,372 जुन्या रहिवाशांना प्रत्येकी 1,600 चौरस फुटांचे घर. मार्च 2025 मध्ये उच्च न्यायालयाने म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, वाट मोकळी केली, 7 जुलैला अदानी समूहातील कंपनीशी करार झाला आणि देशातल्या सर्वात मोठ्या पुनर्विकासाची दवंडी पिटली गेली. बैठ्या घरांत गुडघाभर पाण्यात पावसाळे काढलेल्या माणसाला ऐसपैस घर मिळत असेल तर आमच्या पोटात दुखायचे कारण नाही. दुखते ते वेगळ्याच ठिकाणी. ही नवी वस्ती सकाळी दाराबाहेर पाऊल टाकील, तेव्हा ती कुठल्या रस्त्यावर येणार, हे सांगायला एकही माईचा लाल पुढे येत नाही!

ढोबळ हिशेब करा. जुनी घरे, गाळे, झोपडीधारक यांच्यापलीकडे म्हाडाला 3.97 लाख चौरस मीटर बांधीव क्षेत्र मिळणार. सहाशे फुटांचे एक घर धरले तरी ती सात हजार घरे झाली. विकासकाच्या विक्रीचे मनोरे आणखी वेगळे. त्यातल्या मोटारी, स्कूटर, शाळेच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, घरपोच सामान आणणारी पोरे हे सारे येऊन आदळणार स्वामी विवेकानंद मार्गावर आणि लिंक रोडवर. या रस्त्यांची आजची दशा पाहायला तज्ज्ञांची समिती नको. संध्याकाळी सातला गोरेगाव स्टेशनबाहेर उभे राहा. शेअर रिक्षाची रांग फुटपाथ सोडून रस्त्यात आलेली, कडेला दुहेरी पार्किंग, मध्ये कुणीतरी खणून ठेवलेला चर, आणि या गर्दीत वळायला जागा शोधणारी बेस्टची बस. भोंगा वाजवून ड्रायव्हर थकतो, गर्दी तसूभरही हलत नाही.

‘पण मेट्रो आहे ना!’ असे मंत्रालयातून उत्तर येते. आहे, आणि चांगली आहे. मात्र रुग्णवाहिका मेट्रोने जात नाही, अग्निशमन दलाचा बंबही जात नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये याच गोरेगाव पश्चिमेला झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत पहाटे आग लागली. तळमजल्यावरची वाहने आणि चिंध्यांचे गठ्ठे पेटले आणि किमान सात जीव गेले. तीही पुनर्विकासाचीच इमारत होती! शेजारचे पालिकेचे सिद्धार्थ रुग्णालय मोडकळीला आले म्हणून बंद झाले आणि लोकांना वर्षानुवर्षे कूपर नाहीतर जोगेश्वरी गाठावी लागली. ज्या बेस्टकडे एकेकाळी चार हजारांवर बस होत्या, तिचा ताफा तीन हजारांच्या आत आला. मे 2025 मध्ये किमान भाडे मात्र पाचाचे दहा झाले. पाण्याचे काय? मुंबईच्या धरणांत शेवटची भर 2014 मध्ये मध्य वैतरणाची पडली. शहर नव्या धरणाची वाट पाहते; मनोऱ्यांना मात्र कसलीच वाट पाहावी लागत नाही.

हे घडते, कारण जाब कुणाला विचारायचा हेच मुद्दाम धूसर ठेवले आहे. 2018 मध्ये म्हाडाला तिच्या 114 वसाहतींसाठी नियोजन प्राधिकरणाचे अधिकार दिले गेले. म्हणजे जमीन म्हाडाची, प्रकल्प म्हाडाचा आणि बांधकामाला परवानगी देणारीही म्हाडाच. परीक्षार्थीनेच पेपर काढायचा, त्यानेच तपासायचा! पाणी, मलनिस्सारण, रस्ते, दवाखाने यांचा बोजा मात्र महापालिकेच्या डोक्यावर, आणि कोंडीत शिट्ट्या फुंकायला वाहतूक पोलीस. शिवाय ज्या काळात या प्रकल्पाची निविदा निघाली आणि करार झाला, त्या काळात महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता! मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचे राज्य चालले. गोरेगावकराने हरकत घ्यायची कुणाच्या दारात जाऊन?

गिरणगावाचा धडा हे सरकार विसरले काय? गिरण्यांच्या जमिनींतून शहराला मोकळी जागा आणि कामगाराला घर देणारा नियम 2001 मध्ये बदलला. वाटणीला फक्त आधीच मोकळी असलेली जमीन राहिली. वर टॉवर आले, खाली रस्ते होते तेवढेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रेल्वे स्थानकाच्या अरुंद पुलावर माणसे चेंगरून मेली, तेव्हा सगळ्यांना अचानक पुलाची रुंदी आठवली. गोरेगावने तर पत्राचाळही पाहिली आहे. 672 कुटुंबांनी 2008 च्या करारावर विश्वास ठेवून घरे सोडली, पुढे त्यांचे भाडे थांबले आणि नव्या घरासाठी दीड दशकाहून अधिक काळ तंगडतोड झाली. तिथेही जमीन म्हाडाचीच होती.

तेव्हा आता अभ्यासगट, सादरीकरणे, चकचकीत चित्रफिती पुरे! वाहतुकीचा, पाण्याचा आणि सांडपाण्याचा संपूर्ण आराखडा मराठीत छापून पी दक्षिण विभाग कार्यालयात लावा आणि त्यावर उघड सुनावणी घ्या. रहिवाशांची घरे रोखू नका, ती आधी बांधा. पण रुंद रस्ते, बस आगार, अग्निशमन केंद्र आणि रुग्णालय प्रत्यक्ष चालू झाल्याशिवाय विक्रीच्या एकाही मनोऱ्याला भोगवटा प्रमाणपत्र देता कामा नये. ही अट करारात घालायची हिंमत गृहनिर्माण मंत्र्यांत आहे की नाही, हे त्यांनी गोरेगावच्या चौकात येऊन सांगावे; आणि येताना पोलिसांच्या ताफ्याशिवाय, संध्याकाळी सातला यावे.