वय विचारू नका, बळ विचारा

सराफ्यात कुणी आजेसासूची जुनी पाटली मोडायला आणली, तर सराफ ती कोणत्या साली घडवली हे विचारत बसत नाही. कसोटीवर घासतो, काट्यावर ठेवतो आणि मगच तोंड उघडतो. चार ग्रॅमच्या नव्या अंगठीलाही आता सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क नंबर लागतो. पण याच बाजारातल्या माडीवर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनला न्यायची वेळ आली की आपला एकच प्रश्न असतो, "वय काय?" एक पक्ष म्हणतो, "आता या वयात कशाला चिरफाड?" दुसरा म्हणतो, "पैशाचा प्रश्न नाही, करून टाका." माझं भांडण दोघांशीही आहे. कारण दोघांपैकी कुणीही माणूस कसाला लावून पाहिलेला नसतो.

नुसत्या वयावरून निकाल लागत असता, तर अटलबिहारी वाजपेयींचे गुडघे बदललेच गेले नसते. ऑक्टोबर २०००मध्ये मुंबईत त्यांच्या डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते. उजवा गुडघा पुढच्या वर्षी जूनमध्ये झाला. त्यानंतर मे २००४पर्यंत त्यांनी पंतप्रधानपद सांभाळलं. शस्त्रक्रिया करणारे डॉ. चित्तरंजन राणावत आपल्या इंदूरच्याच एमजीएम मेडिकल कॉलेजात शिकलेले. म्हणजे पंचाहत्तरी हा काही ऑपरेशनचा शत्रू नाही. उलट पासष्टीतला एखादा माणूस साध्या हर्नियाच्या ऑपरेशननंतरही अंथरूण धरतो. फरक असतो तो अंगात शिल्लक किती आहे याचा.

या शिल्लक नसण्याला डॉक्टर 'फ्रेल्टी' म्हणतात. आपल्याकडे शब्द नाही असं समजू नका. "आई आता फार थकल्यात," असं आपण म्हणतो ना, तेच ते. फक्त आपण ते सुस्कारा टाकून म्हणतो आणि विसरतो, त्याचं मोजमाप करत नाही. अमेरिकेतल्या डॉ. लिंडा फ्रीड यांनी २००१ साली त्याच्या पाच खुणा मांडल्या: न ठरवता वजन उतरणं, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणं, चाल मंदावणं आणि हालचाल कमी होणं. पाचांतल्या तीन दिसल्या की माणूस जर्जर झाला असं समजायचं. यात कुठलं महागडं यंत्र आहे? चार मीटर चालायला पाच सेकंदांहून जास्त लागतात का, हे घरातल्या घड्याळावर कळतं. आपण मात्र ईसीजी, टूडी इको, रक्त, लघवी सगळं करून फाइल जाडजूड करतो. रुग्णाला खुर्चीतून उठवून चालवून मात्र कुणी बघत नाही.

न बघितल्याने काय होतं? अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्समधल्या डॉक्टरांनी पासष्टीपुढच्या ५९४ रुग्णांना शस्त्रक्रियेआधी या पाच खुणा लावून पाहिल्या आणि निष्कर्ष २०१० साली छापले. जर्जर रुग्णांमध्ये ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीची शक्यता अडीच पट निघाली. घरी परत न जाता शुश्रूषागृहात जावं लागण्याची शक्यता तर वीस पट. आपल्याकडे शुश्रूषागृह म्हणजे मागची खोली, एवढाच काय तो फरक. आणखी एक अभ्यास २००७चा. ठणठणीत वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं, तर पायांचं जवळजवळ एक किलो मांस झडलं. ठणठणीत माणसांचं हे झालं! मग आधीच खंगलेल्या आजींना "आराम करा, उठू नका" म्हणून पंधरा दिवस पडून ठेवणारी आपली माया काय करत असेल?

ऑगस्ट २०१९मध्ये इंदूरच्या एका नेत्रालयात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अकरा रुग्णांची दृष्टी गेल्याचं वृत्त देशभर छापून आलं. चौकशी झाली, आरडाओरडा झाला, तो व्हायलाच हवा होता. पण ऑपरेशन 'यशस्वी' होऊन घरी आलेला म्हातारा पुन्हा कधी जिना उतरलाच नाही, रात्री मुलाला ओळखेनासा झाला, सहा महिन्यांत गेला, तर त्याची बातमी होत नाही. आपण म्हणतो, "वय झालं होतं." या तीन शब्दांत डॉक्टरही सुटतात, मुलंही सुटतात.

आता घरातलं बोलते, आणि ते बोचणारच. ऑपरेशनचा निर्णय कुठे होतो? हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. कोण घेतं? दोन मुलगे, एक जावई आणि फोनवरून बोलणारा पुण्याचा नाहीतर न्यू जर्सीचा भाऊ. पॅकेजची घासाघीस करण्यात आपण सराफ्याचे लोक कुणाला हार जाणार नाही. पण आत खाटेवर जी आहे तिला कुणी विचारत नाही. "आईंना सांगू नका, घाबरतील." आणि जिला पुढचे सहा महिने भांडं द्यायचं आहे, कूस बदलायची आहे, रात्री तीनदा उठायचं आहे, ती सून तर व्हरांड्यातही नसते. ती घरी डबा भरत असते. सही एकाची, सेवा दुसरीची! मग सेवा कमी पडली की बोल कुणाला? तिलाच.

आपल्या समाजालाही एक प्रश्न आहे. सूर्यास्ताआधी जेवण, एकाशन, पर्वातले उपास, हे सगळं मीही मानते. पण सत्तरीनंतर एखादीची साडी अंगावर लोंबू लागली की आपण "काय तपस्या!" म्हणून हात जोडतो. तप ठरवून केलेलं असतं. ठरवलं नसताना वजन उतरत असेल, तर ते त्या पाचांतली पहिली खूण आहे. डाळ, मूग, दूध, पनीर सगळं आपल्याला चालतं. तरीही म्हातारीच्या ताटात मऊ भात आणि वरणाचं पाणी का? ज्या अंगावर जखम भरून यायची आहे त्याला आधी प्रथिनं हवीत, हे सांगायला कुठल्या साधूची आज्ञा मोडावी लागत नाही.

सरकारचंही तेच. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न न विचारता, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण मिळालं. चांगलं झालं. पण दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि सुटीनंतरचे पंधरा दिवस, एवढाच आजूबाजूचा खर्च त्यात बसतो. थकलेल्या शरीराला ऑपरेशनआधी दोन-चार आठवडे चालवून, खाऊ घालून, श्वासाचे व्यायाम देऊन तयार करावं लागतं. नंतर महिनोन् महिने उभं करावं लागतं. चिरण्याला पैसे आहेत, उभं करण्याला नाहीत.

कुणी म्हणेल, "बाई, तुम्ही तर म्हाताऱ्यांना ऑपरेशनच नको म्हणता." मुळीच नाही. खुब्याचं हाड मोडलं तर बहुतेकदा थकलेल्या माणसालाही ऑपरेशनच लागतं, आणि तेही शक्य तितक्या लवकर. पडून राहिलं की शय्याव्रण होतात, न्यूमोनिया होतो. तिथे "या वयात कशाला" म्हणणं हाच घात आहे. जर्जरता म्हणजे नकार नव्हे. भूल कोणती द्यायची, दुसऱ्या दिवशी उठवून बसवायला कोण येणार, चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत कधी द्यायचं, हे सगळं तिच्यावरून ठरतं. आणि जिथे घाई नाही, त्या गुडघ्याला, त्या हर्नियाला थांबून तयारी करता येते.

दुसरं कुणी म्हणेल, "आपण जैन. मरणाला काय भ्यायचं?" ठीक. २०१५च्या ऑगस्टमध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा गुन्हा ठरवला, तेव्हा देशभर आपण मूक मोर्चे काढले. महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तेव्हा आपला युक्तिवाद काय होता? की हा ज्याचा त्याचा, जाणतेपणी घेतलेला निर्णय आहे. मग मरणाच्या वेळी ज्या माणसाच्या इच्छेला आपण एवढं मानतो, त्याच माणसाची इच्छा ऑपरेशनच्या वेळी व्हरांड्याबाहेर का ठेवतो? समाधी मुलांनी ठरवायची नसते, तसंच ऑपरेशनही. शेवटपर्यंत तीन तास झुंजत राहायचं की स्वतःच्या पायांनी मंदिरात जाता आलं तर पुरे, हे तिनेच सांगायचं.

म्हणून पुढच्या वेळी सहीचा कागद समोर आला की पेन खाली ठेवा. डॉक्टरांना म्हणा, आधी यांना चालवून बघा. विचारा, ऑपरेशन झालं तर या पुन्हा आपल्या हाताने जेवतील का, आपल्या पायाने संडासला जातील का, आणि नाही केलं तर काय होईल. हे प्रश्न खाटेशेजारी उभं राहून, त्यांना ऐकू येईल असे विचारा. सुनेला डबा ठेवून तिथे बोलवा. डॉक्टर चिडले तर चिडू देत. दोन तोळ्यांच्या गोफासाठी आपण अर्धा तास दुकानदाराचं डोकं खातो, तेव्हा आपल्याला संकोच वाटत नाही.