दोन शर्ट, सव्वीस ड्युट्या

परवा एका सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेटवरच्या वॉचमनचा फोटो फिरत होता. कॉलर काळवंडलेली, पाठीवर घामाचे पांढरे डाग. खाली कॉमेंट, "एजन्सीला महिन्याला एवढे पैसे मोजतो, याला साधा धुतलेला शर्ट घालता येत नाही?" त्यावर पंधरा-वीस अंगठे.

प्रश्न चुकीचा नाही. विचारला मात्र भलत्या माणसाला. मुळात त्याच्याकडे शर्ट किती, हे त्या ग्रुपवर कोणी विचारलं का?

आपल्याकडच्या बहुतेक एजन्स्या दोन जोड देतात. काही ठिकाणी सुरुवातीला एकच, दुसरा "टिकलास तर". त्याचे पैसे पहिल्या दोन-तीन पगारांतून कापलेले असतात ते वेगळंच. ड्युटी बारा तासांची, महिन्याला सव्वीस. रिलिव्हर आला नाही तर तीस.

आता हिशोब घाला. रात्री आठला सुटलेला माणूस नऊला घरी पोचतो. वस्तीत पाणी येतं ते ठरलेल्या वेळी, त्याच्या वेळी नाही. शर्ट धुवायचा रात्री आणि घालायचा सकाळी सहाला. उन्हाळ्यात हे जमतं. जुलैत करून बघा. गणवेशाचं कापड म्हणजे जाड टेरिकॉट, त्यात पॉलिस्टर जास्त. टिकतं खरं, पण घामाचं तेल धरून ठेवतं. अर्धवट ओला शर्ट अंगात घातला की दहा वाजेपर्यंत कुबट वास सुटतो. मग आपण लिफ्टमध्ये नाक मुरडतो.

ही मंडळी काय काय युक्त्या करतात ते ऐकण्यासारखं आहे. कॉलरच्या आत रुमाल ठेवतात, म्हणजे मळ रुमालाला लागतो आणि शर्ट एक दिवस जास्त निघतो. कॉलर-कफला धुण्याआधी एक रुपयाच्या शाम्पूच्या पुडीतला थोडा शाम्पू चोळून पंधरा मिनिटं ठेवतात. केसांचं तेल काढणारा शाम्पू मानेचं तेलही काढतो, साधी गोष्ट. ब्रशने खसाखसा घासलं तर कॉलर फाटते, म्हणून बोटांनीच चोळायचं. पावसाळ्यात रात्रभर भिजत घालायचं नाही, वास तिथूनच लागतो. शर्ट पिळायचा नाही, कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि हँगरला लावून पंख्याखाली टांगायचा. पाणी लवकर सुटतं आणि इस्त्रीशिवायही चालून जातं. निळी पँट उलटी करून सावलीत वाळवायची, नाहीतर गुडघ्यावर रंग उडतो. ब्लीच तर लांबच ठेवायचं. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरा थर कपड्यावर बसतो. तिथे वडीपेक्षा पावडर बरी. एका ताईंनी सांगितलेलं आहे हे, हाउसकीपिंगला आहेत. त्यांचा फिक्या रंगाचा कुर्ता बघून कोणी म्हणणार नाही की तो रोज फिनेलच्या बादलीशेजारी असतो.

म्हणजे अक्कल आणि कष्ट यांत कमी नाही. कमी आहे ती तिसऱ्या जोडाची, आणि पैशाची.

आमच्या भागात एका कपड्याच्या इस्त्रीला आठ रुपये पडतात. शर्ट-पँट मिळून सोळा, सव्वीस दिवसांचे 416. साबण-पावडर वेगळी. केंद्र सरकारने सातव्या वेतन आयोगानंतर, 1 जुलै 2017 पासून, गणवेशाचे आणि धुलाईचे सुटे भत्ते एकत्र करून ड्रेस अलाउन्स सुरू केला. त्यात सगळ्यात खालचा टप्पा वर्षाला 5,000 रुपयांचा होता. रेल्वेचे ट्रॅकमन, सरकारी गाड्यांचे ड्रायव्हर असे लोक त्यात येतात. महिन्याला किती झाले? साधारण 416! योगायोगच. पण गणवेश घालायला लावणाऱ्याने तो राखायचा खर्चही द्यावा, हे सरकारला कळतं, एवढं तरी त्यातून दिसतं.

कायद्यालाही हे नवीन नाही. पूर्वीचा 1936 चा वेतन अदायगी कायदा असो, पूर्वीचा 1948 चा किमान वेतन कायदा असो की आताची 2019 ची वेतन संहिता, कामाच्या स्वरूपामुळे अंगावर पडणारा खास खर्च भागवायला दिलेली रक्कम वेतनात धरली जात नाही. सरळ अर्थ, पगार वेगळा आणि हा खर्च वेगळा. एजन्स्या काय करतात? ठरलेली एकूण रक्कम तेवढीच ठेवतात आणि त्यातलाच एक तुकडा काढून त्याला "वॉशिंग अलाउन्स" नाव देतात. माणसाच्या हातात एक रुपया जास्त पडत नाही, उलट पीएफ ज्यावर मोजायचा ती रक्कम तेवढी कमी दिसते. पगाराची स्लिप मागून बघा कधी. (स्लिप मिळत असेल तर.)

आणि वर दंड! बूट पॉलिश नाही, पन्नास रुपये. इस्त्री नाही, पन्नास रुपये. एका दिवसाच्या सोळा रुपयांसाठी पन्नासचा दंड लावणाऱ्या सुपरवायझरचा शर्ट कंपनीच्या खर्चाने धुतला जातो की नाही, हे विचारायची माझी फार इच्छा आहे.

आता आपलं. सोसायटी ही गिऱ्हाईक आहे, एजन्सी तिचं ऐकते. कोटेशन मागवताना सगळ्यात स्वस्त आकडा उचलायचा आणि गेटवर कडक गणवेश हवा म्हणायचं, हे जमणार नाही. करारात लिहून घ्या, माणशी तीन जोड, पावसाळ्याआधी रेनकोट, गणवेशापोटी पगारातून कपात नाही, धुलाईचे पैसे पगाराच्या वर. चाळीस फ्लॅटच्या सोसायटीत चार गार्ड धरले तर 416 प्रमाणे महिन्याला 1,664 होतात. फ्लॅटमागे बेचाळीस रुपये. आणि ज्याला पैसाही लागत नाही अशी एक गोष्ट, गच्चीवरची एक दोरी आणि तळमजल्यावरचा एक नळ गार्ड आणि हाउसकीपिंगच्या लोकांना वापरू द्या. आमच्याकडे यावर "गच्ची खराब होईल" असा आक्षेप आला होता. चार शर्टांनी गच्ची कशी खराब होते, ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघायच्या आधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. करारात हा मुद्दा आधीपासून असलेली सोसायटी तुमच्या माहितीत असेल तर तो मसुदा खाली टाका, बाकीच्यांना तयार मिळेल.